नळाचा दिवस आणि तरंगणारा गाळ

गोदाकाठच्या एका नगर परिषदेच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं हे प्रकरण. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जे आमच्याकडे घडलं ते जालना, परभणी, बीड, नांदेड यांपैकी कुठल्याही जिल्ह्यातल्या मध्यम गावात घडू शकतं, आणि नाव दिलं की चर्चा गावाची होते, सांडपाण्याची राहूनच जाते. मी तिथे केमिस्ट होते. प्रकल्प चालवण्याचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं तिच्या नोकरीत. माझ्या दुसऱ्या वर्षी मार्च ते जुलै या पाच महिन्यांत जे झालं ते सांगते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमचे रात्रपाळीचे ऑपरेटर, आधी साखर कारखान्यात पंपावर उमेदीची वर्षं घालवलेले. "मॅडम, गाळ खाली बसंना गेलाय. पाण्यासंगं सगळा बाहेर जायलाय. लवकर या बरं."

आमचा प्रकल्प एसबीआर पद्धतीचा होता. म्हणजे एकाच टाकीत पाळीपाळीने चार कामं: सांडपाणी भरायचं, खालून हवा सोडायची, हवा बंद करून गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. टाकीतला हा गाळ म्हणजे घाण नव्हे, तोच आपला कामगार. असंख्य जीवाणू एकमेकांना चिकटून तपकिरी पुंजके करतात आणि तेच सांडपाण्यातली घाण खातात. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही पद्धत मांडली, आणि त्यांचे पहिले प्रयोगही भरा, हवा द्या, थांबा, ओता असेच होते. या पद्धतीचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: हवा बंद झाल्यावर पुंजके खाली बसले पाहिजेत. त्या सकाळी ते बसत नव्हते. वरचं पाणी काढून घेणाऱ्या डिकँटरची पन्हाळ पाण्यात उतरली होती आणि तिच्या काठावरून मऊ, फुगलेला, विरजण न लागलेल्या दह्यासारखा गाळ नाल्यात चालला होता.

मी टाकीतलं पाणी एक लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये भरलं आणि घड्याळ लावलं. अर्ध्या तासाने गाळाची पातळी ९२० मिलिलिटरवर होती. म्हणजे वर जेमतेम दोन बोटं नितळ पाणी. टाकीत गाळाचं प्रमाण लिटरला २,८०० मिलिग्रॅम होतं, त्यावरून गाळाचा निर्देशांक, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा व्यापतो तो आकडा, आला साधारण ३२९. हा आकडा १००च्या आसपास असला की गाळ निरोगी समजतात, १५०च्या वर गेला की फुगलेला. आमचा दुपटीच्या वर गेला होता.

याची काळजी नुसती कागदावरची नव्हती. आमचा नाला पुढे तीन किलोमीटरवर गोदावरीला मिळतो आणि तिथे खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा आहे. ढालेगाव, मुदगल, डिग्रस, विष्णुपुरी, बाभळी अशा बंधाऱ्यांनी मराठवाड्यातली गोदावरी आता तळ्यांची माळ झाली आहे. उन्हाळ्यात वरून पाणी सुटलं नाही तर ती वाहतच नाही. तळ्यात जे जातं ते तळ्यातच राहतं, जलपर्णी त्यावर पोसते. आणि त्याच फुगवट्यात खालच्या दोन गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी आहेत. नाल्याला मोटारी लावून गिन्नी गवत आणि ऊस भिजवणारे शेतकरी वेगळेच. त्यातले एक आजोबा दुसऱ्याच दिवशी पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी आले. तक्रार करायला आले असतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, हे पाणी जनावरानं पेलं तर चालंल का?" मी नको म्हणाले. ते मान हलवून निघून गेले. त्यांच्याकडे दुसरं पाणी नव्हतं हे मला माहीत होतं.

समुद्राकाठी शिकलेलं

इथे येण्याआधी मी चार वर्षं कोकणात, किनाऱ्यावरच्या एका गावातल्या प्रकल्पावर होते. मी मूळची मराठवाड्याची, पण काम शिकले समुद्राकाठी, आणि या प्रकरणात माझी पहिली चूक तिथूनच आली.

किनाऱ्यावरचं सांडपाणी पातळ असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, जमिनीखाली हातभर खोलीवर पाणी, त्यामुळे ड्रेनेजच्या प्रत्येक सांध्यातून भूजल आत झिरपतं. भरतीच्या वेळी खारं पाणीही शिरतं. तिथे सीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो याची, चाचणी करताना क्लोराइडमुळे आकडा खोटाच चढतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालून तो दाबावा लागतो. ही आमची रोजची कटकट. जीवाणूंना पोटभर अन्न मिळत नाही ही तिथली तक्रार. टाकी सुरू करताना आम्ही गुळाचं पाणी घालायचो. आणि कायदाही तिथे जरा सैल होता: पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत समुद्रात सोडायच्या पाण्याला लिटरला १०० मिलिग्रॅम बीओडी (घाण खाताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) चालते, नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला ३०. समुद्र पोटात घेतो, विरघळवतो, हा त्यामागचा हिशेब. आमच्या नाल्यापुढे समुद्र नव्हता, साचलेली गोदावरी होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९च्या एप्रिलमध्ये दिलेल्या आदेशात तर ही मर्यादा १० वर आणली आहे.

तर मी काय केलं? आमचा प्रकल्प आठ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला ८० लाख लिटरचा. प्रत्यक्षात येत होतं त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. मला वाटलं, तीच गोष्ट: पाणी कमी, अन्न कमी, जीवाणू उपाशी. कमी अन्नावर धाग्यासारखे जीवाणू माजतात आणि गाळ फुगतो, हे पुस्तकात आहेच. कंपनीच्या मुख्य कार्यालयातूनही सांगणं आलं की जीवाणूंच्या कल्चरच्या गोण्या पाठवतो, शेण घाला, गूळ घाला. मी बारा दिवस गूळ घातला. रोज सकाळी मामा आणि मी ड्रममध्ये ढेपा विरघळवून टाकीत ओतत होतो.

बाराव्या दिवशी सिलिंडरमधला गाळ ९६० वर गेला.

ते पाहून मी गूळ थांबवला. चूक माझी होती आणि ती कळायला मला बारा दिवस लागले, त्या बारा दिवसांत नाल्यात जे गेलं ते गेलं. आता कळतं की हवा आधीच अपुरी असताना पटकन पचणारी साखर घालणं म्हणजे त्या धाग्यांनाच खुराक देणं. पण तेव्हा माझ्या डोक्यात कोकणातलं पातळ पाणी बसलेलं होतं आणि समोरचं पाणी मी नीट पाहिलंच नव्हतं.

धाग्यातले मोती

प्रकल्पावर सूक्ष्मदर्शक होता, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. कार्यारंभाच्या वेळी खरेदी झालेला आणि बहुधा तेव्हाच शेवटचा उघडलेला. मी भिंग पुसलं, काचपट्टीवर गाळाचा एक थेंब घेतला.

निरोगी गाळ असा दिसतो: गोळीबंद तपकिरी पुंजके, त्यांच्या कडेने देठावर डोलणाऱ्या घंटेसारखे व्हॉर्टिसेला, मधून पळणारे छोटे जीव. इथे पुंजक्यांतून सगळीकडे केस बाहेर आले होते, एकमेकांत गुंतलेले. कापूस पिंजल्यावर जसा फुलून येतो तसं. आणि त्यातल्या पुष्कळ धाग्यांच्या आत ओळीने बारीक, लखलखीत ठिपके होते. कुणी दोऱ्यात मोती ओवावेत तसे.

ते ठिपके गंधकाचे. थायोथ्रिक्स आणि त्याच्या जातकुळीचे धागेवाले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड खातात आणि त्यातला गंधक पोटात साठवतात. म्हणजे उपासमारीचा प्रश्नच नव्हता. प्रकल्पात येणाऱ्या पाण्यात भरपूर सल्फाइड होतं. सल्फाइड होतं म्हणजे पाणी आमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी बिनहवेचं पडून कुजत होतं. आजार टाकीत दिसत होता, पण धरला गेला होता वर, गावात.

मग इतर गोष्टींचा उलगडा होऊ लागला. हवा फुंकणारे ब्लोअर पूर्ण क्षमतेने चालत असूनही टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर का जात नाही, हे मला महिनाभर छळत होतं. तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर चोंदले असतील म्हणून आम्ही एक जाळं वर काढून ॲसिडने धुतलंही होतं. खरं कारण सोपं होतं: कुजलेलं पाणी टाकीत पडल्या पडल्या ऑक्सिजन ओढून घेत होतं. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साधारण ७.५. पाणी तापलं की हवेची जागाच कमी होते. आणि पाइपात सल्फाइड तयार होण्याचा वेग तापमान १० अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट होतो.

आईची मोरी

पाणी कुठे पडून राहतं हे शोधायला मी नकाशे काढले, लाइनचे उतार तपासले, आठवडा घालवला. उत्तर मिळालं ते रविवारी माहेरी.

आमच्याही गावात तेव्हा आठ दिवसांआड नळ. सकाळी सहाला गल्लीत ओरड झाली, "पाणी सुटलं!" आणि आई मोरीत गेली. तिने पहिल्यांदा काय केलं, तर दोन ड्रम आणि हौदाच्या तळाशी राहिलेलं मागच्या नळाचं पाणी उपसून ओतून दिलं. शिळं पाणी. त्यातच चादरी भिजवल्या, अंगण धुतलं, भांडी घासली, मग हौद खराट्याने घासून ताजं भरायला घेतलं. शेजारी तेच. समोर तेच. नळांना तोट्या नाहीत, भरून झालं तरी पाणी वाहतच होतं. गल्लीतल्या नालीला दोन तास नदीसारखा ओघ. आणि मग पुन्हा आठ दिवस प्रत्येक तांब्याचा हिशेब.

मी हे लहानपणापासून पाहत आले होते. ड्रेनेजच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी व्हॉल्व्हमन काकांकडे गेले. गावात सगळे त्यांना वॉलमन म्हणतात. त्यांच्याकडे शाळेच्या वहीत झोनचं वेळापत्रक होतं, निळ्या पेनाने लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. हिवाळ्यात तिसऱ्या दिवशी असलेला नळ बंधाऱ्यातलं पाणी उतरलं तसा फेब्रुवारीच्या शेवटी आठव्या दिवसावर गेला होता. आमचा गाळ फुगायला लागला त्याच्या दोन आठवडे आधी. शिवाय, विजेच्या वेळा आणि जलकुंभ भरण्याची सोय पाहून मोठे झोन बुधवार आणि शनिवारी एकत्र घेतले होते. गढीकडचा वरचा भाग, जिथून आमची मुख्य ड्रेनेज लाइन सुरू होते, तो पूर्ण बुधवारी. म्हणजे त्या लाइनीच्या डोक्याला बुधवारी सकाळी लोंढा, आणि नंतरचे सात दिवस नुसती चुळबुळ.

ड्रेनेजची लाइन स्वतःला धुऊन काढते ती वेगाने. सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग दिवसातून एकदा तरी मिळाला पाहिजे, नाहीतर विष्ठा आणि वाळू तळाशी बसते. ही लाइन माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरून आखलेली होती, त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं असं मानून. केंद्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी रोजची बीओडी २७ ग्रॅम. २७ ग्रॅम १०८ लिटरमध्ये मिसळले की लिटरला २५० मिलिग्रॅम होतात. प्रकल्प त्यासाठीच बांधलेला. आमच्याकडे उन्हाळ्यात माणशी ४५ लिटरही हाती येत नव्हते. त्याचं ८० टक्के म्हणजे ३६ लिटर. त्यात तेच २७ ग्रॅम टाकले तर ७५०. नळाला पाणी कमी आलं म्हणून माणसाच्या पोटातलं कमी होत नाही. तिप्पट दाट सांडपाणी, तिसऱ्या हिश्शाच्या ओघाने, मोठ्या पाइपाच्या तळाशी रांगत येत होतं, चाळीस अंशांच्या उन्हात.

बाटल्यांची रांग

अंदाज सांगून कुणी ऐकणार नव्हतं. मी मामांना आणि दिवसपाळीच्या दोघांना हाताशी घेऊन आठ दिवस दर दोन तासांनी प्रकल्पाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वर चिकटपट्टीवर वार आणि वेळ. भिंतीच्या कडेला ओळीने मांडत गेलो.

चाचणीची गरजच पडली नाही इतकं ते उघड दिसत होतं. सोमवार-मंगळवारच्या बाटल्या करड्या, दुपारच्या जास्त गडद. बुधवारी पहाटे चारपर्यंत तेच. सकाळी आठची बाटली काजळासारखी काळी, तळाशी चार बोटं राड. दहाचीही काळी. दुपारी दोनची एकदम फिकट, धुण्याच्या पाण्यासारखी साबणाळलेली. म्हणजे आठवडाभर लाइनीत बसलेलं सगळं नळाचा लोंढा दोन-तीन तासांत खरवडून आणून आमच्या टाकीत टाकत होता. एरवी थोडंथोडं द्यायचं आणि बुधवारी सडकं जेवण घशात कोंबायचं, असा त्या जीवाणूंचा आठवडा चालला होता.

लाइनवरही गेलो. चेंबरमध्ये कुणीही उतरायचं नाही, हे मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा २०१३चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी उतरू दिलं नसतं. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट अशी की थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच मरतो. मराठवाड्यात अशा बातम्या दरवर्षी येतात आणि मेलेला माणूस बहुतेक वेळा कंत्राटी असतो, एकाला काढायला गेलेला दुसराही.

गढीखालच्या चौथ्या चेंबरचं झाकण आकड्याने ओढलं, बाजूला उभं राहून वारा जाऊ दिला, मग लांब काठीला लेड ॲसिटेटचा कागद बांधून आत धरला. पांढरा कागद अर्ध्या मिनिटात तपकिरी, मग काळा. काठीच्या टोकाने चेंबरच्या वरच्या भिंतीला नुसतं टोचलं तर काँक्रीट ओल्या पिठासारखं गळून पडलं. आतली खडी उघडी पडली होती. वर चढलेला सल्फाइड ओल्या भिंतीवर जीवाणूंच्या हाती गंधकाम्ल होतो आणि सिमेंट खातो. काही वर्षांपूर्वीच टाकलेली लाइन, आणि तिचा माथा विरघळत चालला होता. मामा बराच वेळ त्या काठीच्या टोकाकडे पाहत होते.

पंपिंगच्या विहिरीतही तीच कहाणी. तिथे सांडपाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नये असं आखणीतच असतं. पण पंप आठ एमएलडीच्या हिशेबाचे, थोड्या पाण्यावर चालवले तर सारखे बंद-चालू होऊन मोटार जळते. म्हणून विहीर काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं अशी सवय पडली होती. कोरड्या दिवशी पाच-पाच तास. वीजबिलाची बचत होते म्हणून वरूनही शाबासकी मिळालेली.

वही बदलली

मुख्याधिकारी साहेबांच्या केबिनमध्ये मी मंगळवार आणि बुधवारच्या बाटल्यांच्या दोन रांगा टेबलावर मांडल्या. पाणीपुरवठ्याचे अभियंता होते, आरोग्य विभागाचे स्वच्छता निरीक्षक होते, वॉलमन काका दाराशी उभे होते. पाणीपुरवठा आणि ड्रेनेज ही दोन टेबलं एकाच व्हरांड्यात आहेत आणि तरीही दोन्हीकडच्या वह्या त्या दिवसापर्यंत कधी शेजारी ठेवल्या गेल्या नव्हत्या.

अभियंता म्हणाले, "ड्रेनेजसाठी पाण्याचं वेळापत्रक बदलायचं? लोक मोर्चा आणतील." त्यांची भीती खोटी नव्हती. एप्रिलमध्ये, लग्नसराईत, एखाद्या वॉर्डाचा नळ एक दिवस पुढे गेला तर नगरसेवकाच्या दारात घागरी येऊन पडतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या आठवणी इथे कुणी विसरलेलं नाही. पाण्याच्या शब्दाला माणसं दचकतात.

मी बुधवारच्या आठच्या बाटलीचं झाकण काढून तोंडाशी कागद धरला. तो काळा पडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग काका दारातून म्हणाले, "साहेब, कुणाचं पाणी कमी करायची गरज नाही. आठ दिवसांआडच ठेवू. फक्त गढीचे चार तुकडे करून एकेक तुकडा दिवसाआड घालतो. मधले वॉल हायेतच, वापरात नाहीत एवढंच."

तोडगा हाच होता आणि तो त्यांचा. मी लाइन धुण्यासाठी टँकरची मागणी लिहून आणली होती. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी नाही तिथे लाइन धुवायला टँकर मागताना मलाच लाज वाटत होती. काकांच्या मांडणीत एक थेंबही जास्त लागत नव्हता. प्रत्येक घराला आठव्या दिवशीच नळ, पण वरच्या भागात कुठल्या ना कुठल्या गल्लीत दिवसाआड लोंढा, आणि तो लाइनीच्या डोक्यापासून खाली येणार. दोन जुने व्हॉल्व्ह गंजून बसले होते. ते सोडवायला तीन दिवस लागले. एप्रिलच्या मध्यावर नवी वही सुरू झाली. पहिल्या फेरीत प्रत्येक तुकड्याचा दिवस बदलताना कुणालाही आठपेक्षा जास्त दिवस थांबवायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. मोर्चा आला नाही.

विहिरीसाठी भंगारात पडलेला एक छोटा सबमर्सिबल पंप दुरुस्त करून बसवला. तो दिवसभर बारीक धारेने चालत राहतो, मोठे पंप फक्त लोंढ्याला. वीजबिल किंचित वाढलं. ते मंजूर करून घ्यायला मला दोन पत्रं लिहावी लागली, पण झालं.

आणि धागे मारायला क्लोरीन. हे काम जपून करावं लागतं: परत फिरणाऱ्या गाळाच्या लाइनीत, हजार किलो गाळामागे दिवसाला दोन-तीन किलो या बेताने. धागे पुंजक्याबाहेर आलेले असतात म्हणून आधी तेच जळतात. जास्त झालं तर सगळेच मरतात. रोज सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, तुटके, रिकामे, मोती हरवलेले धागे दिसायला लागले तशी मात्रा उतरवली. नवव्या दिवशी बंद केली. सल्फाइडचा पुरवठा आधी तोडला नसता तर हे क्लोरीन म्हणजे नुसतं वरवरचं गवत कापणं झालं असतं, दोन आठवड्यांत पुन्हा तेच.

सुधारणा सावकाश आली. गाळाचं वय आमच्याकडे पंचवीस दिवसांच्या आसपास, म्हणजे जुना गाळ जाऊन नवा यायला महिना तर हवाच. मेच्या मध्यावर सिलिंडर ६०० वर आला. डिकँटरमधून गाळ जाणं थांबलं. जूनचा पहिला पाऊस नाल्यांतली माती घेऊन आला, त्याने आठवडाभर गोंधळ घातला. जुलैत ३२० वर स्थिरावला, निर्देशांक ११०. पुंजक्यांच्या कडेला व्हॉर्टिसेला परत डोलत होते. मी मामांना भिंगातून पाहायला बोलावलं. ते खूप वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे एवढं जितं असतंय व्हय हे."

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकड्यांत देशातल्या शहरांचं रोजचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी आहे, उभारलेली क्षमता ३१,८४१, आणि खरोखर शुद्ध होणारं पाणी २०,२३५. उभारलेलं आणि चाललेलं यांच्यामधल्या त्या फरकात आमच्यासारखे किती प्रकल्प असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांना निधीची गरज असेलही. पण आमच्याकडे पाच महिन्यांचा सगळा खर्च म्हणजे एक दुरुस्त पंप, दोन व्हॉल्व्हचं ग्लँड-पॅकिंग आणि थोडं क्लोरीन. गूळ आणि कल्चरच्या गोण्यांचं बिल त्याहून मोठं होतं.

सगळं सुटलं नाही. गावातल्या निम्म्या घरांनी जुनी सेप्टिक टाकी तशीच ठेवून तिचा ओव्हरफ्लो नव्या लाइनीला जोडला आहे. ते पाणी घरातून निघतानाच कुजलेलं असतं आणि वेळापत्रक कितीही बदललं तरी तेवढं सल्फाइड येतच राहतं. टाक्या उपसून बाजूला काढायच्या तर घरमालकाचा खर्च, आणि काढून टाकलेल्या मैल्याचं काय करायचं याची सोय. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने ठरलेल्या पाळीने टाक्या उपसण्याची पद्धत बसवली आहे; तिची माहिती मी नगर परिषदेत दिली, अजून तिथेच आहे. काळ्या मातीचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि दरवर्षी कुठला ना कुठला सांधा निखळवते.

पुढच्या मार्चमध्ये नळ दहाव्या दिवसावर गेला. गाळ पुन्हा चढला, ४५० पर्यंत, पण बाहेर गेला नाही. वॉलमन काका आता पाळी बदलली की आदल्या रात्री मामांना फोन करतात, "उद्या गढीचा तिसरा तुकडा सोडायलो," आणि मामा लोंढ्याच्या वेळेला एक टाकी रिकामी करून ठेवतात. गवतवाल्या आजोबांनी आणि नाल्यावरच्या आणखी काहींनी पाणी मोजून, लेखी करार करून मागितलं आहे. तो अर्ज सभेपुढे यायचा आहे. गढीखालच्या सात चेंबरना आतून आम्लरोधक अस्तर द्यायचं काम मंजूर झालं, दोनदा निविदा काढली, कुणी भरली नाही. झाकणांवर तोवर लाल रंगाने फुल्या मारून ठेवल्या आहेत.